'एव्हरीवन – फुल कंट्रोल' हा इलाज नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा आधार (मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि पतसंस्था, शाळा, सनदी लेखापालांची कार्यालये, छापखाने यांनी जुनी यंत्रे बदलायला घेतली. नवे यंत्र जोडले की ठरलेली तक्रार येते, "मेन मशीनवरचा (सगळ्यांचे सामाईक फोल्डर असलेल्या यंत्रावरचा) फोल्डर उघडतो, फायली दिसतात, पण सेव्ह होत नाही." त्यावर बहुतेक ठिकाणी उपायही ठरलेलाच होतो. फोल्डरच्या परवानग्यांत 'एव्हरीवन', म्हणजे 'कुणीही', हे नाव घालायचे, समोर 'फुल कंट्रोल'ची, म्हणजे सर्व हक्कांची, खूण करायची आणि निघायचे. कधी त्याने काम भागते, कधी भागत नाही. दोन्ही वेळी फोल्डरचे कुलूप मात्र कायमचे निघालेले राहते. हा इलाज थांबावा आणि खरा अडथळा नेमका कुठे असतो ते कार्यालयांना स्वतः शोधता यावे, यासाठी हे पत्र. जरा लांबले आहे, पण तपशील गाळला तर त्याचा उपयोग उरणार नाही.

सुरुवात पडद्यावरच्या संदेशापासून करावी. तो वाचून न घेता 'ओके' दाबून टाकण्यात निम्मा वेळ वाया जातो. 'ॲक्सेस इज डिनाइड', म्हणजेच त्रुटी क्रमांक ५, आला तरच मामला परवानगीचा आहे. क्रमांक ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवली आहे. ११२ म्हणजे डिस्कवर जागा नाही. ५३ म्हणजे त्या नावाचे यंत्रच सापडलेले नाही, १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, आणि ७१ म्हणजे मेन मशीन आणखी जोडण्या घ्यायला तयार नाही. हा शेवटचा क्रमांक लहान कार्यालयांना हमखास गाठतो. साधे विंडोज १० किंवा ११ असलेले यंत्र सर्व्हर म्हणून वापरले तर एका वेळी २० जोडण्यांचीच मुभा असते. एकविसावा आला की तो बाहेर राहतो, आणि परवानग्या कितीही बदलल्या तरी आत येत नाही.

मामला परवानगीचाच दिसला तर अडणाऱ्या यंत्रावरून त्या फोल्डरात चार गोष्टी क्रमाने करून पाहाव्यात. नवी मजकूर फाइल तयार करा, तिच्यात एक ओळ लिहून जतन करा, तिचे नाव बदला, मग ती पुसा. पहिलीच गोष्ट जमत नसेल तर लिहिण्याचा अधिकारच नाही. पहिल्या दोन जमल्या आणि पुढच्या दोन अडल्या तर लिहिण्याचा अधिकार आहे, पुसण्याचा नाही. चारही जमतात आणि एकच विशिष्ट फाइल अडते, तर फोल्डर निर्दोष आहे, दोष त्या फाइलीत आहे. या तीन निष्कर्षांचे इलाज अगदी वेगवेगळे आहेत.

विंडोजमध्ये नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन दारे ओलांडावी लागतात, हे नीट समजले की पुढचे सगळे सोपे होते. पहिले दार शेअरचे, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर इतरांना खुला करताना दिलेल्या परवानगीचे. तिथे तीनच पायऱ्या असतात: रीड, चेंज आणि फुल कंट्रोल. दुसरे दार डिस्कचे, म्हणजे एनटीएफएस या विंडोजच्या फायली ठेवण्याच्या पद्धतीचे. प्रॉपर्टीजमधल्या 'सिक्युरिटी' या पानावर ते दिसते आणि त्यात रीड, राइट, मॉडिफाय वगैरे बारकावे असतात. दोन्ही दारांपैकी जे अधिक कडक, त्याचेच चालते. 'सिक्युरिटी'त मॉडिफाय दिलेले आहे आणि शेअरच्या दारावर फक्त रीड आहे, तर माणूस वाचेल, लिहिणार नाही. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'मधून फोल्डर शेअर केला की विंडोज आपण होऊन शेअरच्या दारावर 'एव्हरीवन – रीड' एवढेच ठेवते, आणि 'फायली दिसतात पण सेव्ह होत नाही' याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे. लोक 'सिक्युरिटी'चे पान तासभर उलटसुलट करत राहतात आणि शेजारचे 'शेअरिंग'चे पान, त्यातले 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग' आणि त्यातले 'परमिशन्स'चे बटण उघडतच नाहीत. दुसरा मार्ग 'गिव्ह ॲक्सेस टू'चा आहे. तो दोन्ही दारे एकदमच बदलतो, म्हणून त्याने प्रश्न 'आपोआप' सुटल्यासारखा वाटतो.

कोणते दार अडवते आहे हे ओळखायची हमखास युक्ती अशी. मेन मशीनवर जाऊन अडणाऱ्या माणसाच्याच खात्याने लॉगइन करा आणि फोल्डर डी ड्राइव्हमधून थेट उघडून चाचणी घ्या. इथे फक्त डिस्कचे दार लागते. मग त्याच यंत्रावर पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा, 'लोकलहोस्ट', पुन्हा एक रेघ आणि शेअरचे नाव लिहून तोच फोल्डर उघडा. आता दोन्ही दारे लागतात. पहिल्या वाटेने लिहिता आले आणि दुसऱ्या वाटेने नाही, तर शेअरचे दार बंद आहे. दोन्हीकडे नाही, तर डिस्कचे. दोन्हीकडे जमले आणि दुसऱ्या यंत्रावरूनच अडते, तर दारे मोकळी आहेत. मग येणारा माणूस कोणत्या नावाने येतो आहे ते पाहावे लागते. त्याकडे पुढे येतोच.

एकाच दाराच्या आत मात्र हिशेब उलटा चालतो. तिथे परवानग्यांची बेरीज होते. माणसाला स्वतःच्या नावाने रीड आणि गटाच्या नावाने मॉडिफाय असेल तर त्याला मॉडिफाय मिळते. या बेरजेत 'डिनाय' घातले की ते बाजी मारते, आणि म्हणूनच 'डिनाय'ची खूण शक्यतो करूच नये. एखाद्याला फोल्डर द्यायचा नसेल तर त्याला यादीत घ्यायचे नाही, एवढे पुरते. बेरीज डोक्यात करत बसण्याचीही गरज नाही. 'सिक्युरिटी'तील 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' हे पान आहे, तिथे नाव निवडले की त्या माणसाला शेवटी काय मिळते ते बरोबर-चूक खुणांनी दिसते. एक गोष्ट मात्र तिथे दिसत नाही. कुणाला नव्याने गटात घेतले तर त्याने एकदा लॉगऑफ करून परत लॉगइन केल्याशिवाय गटाचा अधिकार लागू होत नाही, कारण गटांची यादी लॉगइनच्या क्षणी तयार होते. 'गटात घातले तरी फरक पडला नाही' म्हणून पुढे 'एव्हरीवन'कडे वळणाऱ्यांनी आधी एवढे करून पाहावे.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'समोर भरलेला चौकोन दिसतो. तो काढण्यात वेळ घालवू नये. फोल्डरच्या बाबतीत त्या चौकोनाचा लिहिण्याशी संबंध नसतो आणि काढला तरी तो परत दिसतो.

आता 'राइट' आणि 'मॉडिफाय' यांतल्या फरकाबद्दल, कारण सावध माणसांचीही इथे फसगत होते. 'लिहायचेच तर आहे' म्हणून फक्त राइट दिले की नोटपॅडमध्ये सगळे सुरळीत चालते आणि एक्सेलमध्ये अडते. एक्सेल किंवा वर्ड जुन्या फाइलीवर थेट लिहीत नाहीत. ते त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहितात, जुनी बाजूला सारून पुसतात आणि नवीला जुने नाव देतात. यात पुसण्याचा अधिकार लागतो आणि तो राइटमध्ये नसतो, मॉडिफायमध्ये असतो. फोल्डरात विचित्र नावांच्या, टीएमपी शेपटीच्या फायली साचलेल्या दिसल्या तर समजावे की कुणाला तरी लिहिता येते आहे, पण पुसता येत नाही. दैनिकांच्या आणि छापखान्यांच्या पानजोडणीतही हेच घडते. इनडिझाइन हे पानजोडणीचे सॉफ्टवेअर पान उघडताच शेजारी आयडीएलके शेपटीची कुलूप-फाइल तयार करते आणि पान बंद करताना ती पुसते. पुसता आली नाही तर ते पान दुसऱ्या टेबलावर उघडायला अडते. टॅलीच्या डेटा फोल्डरातही सोबतच्या फायली सतत तयार होतात आणि पुसल्या जातात, म्हणून हिशेब लिहिणाऱ्या गटाला तिथे मॉडिफायच द्यावे. फुल कंट्रोल यापैकी कशालाही लागत नाही. मॉडिफायपेक्षा त्यात दोनच मोठ्या गोष्टी जास्त असतात: परवानग्या बदलणे आणि मालकी घेणे. रोजच्या कामात त्या कोणत्याही टेबलाला नको असतात.

एकच फाइल अडते आणि बाकीच्या शंभर चालतात, तेव्हा ती फाइल तिथे कशी आली ते विचारावे. एकाच ड्राइव्हवर एका फोल्डरातून दुसऱ्यात फाइल कट-पेस्ट केली की ती आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते. कॉपी-पेस्ट केली की नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. कुणी मेन मशीनच्या डेस्कटॉपवर तयार केलेले पत्र कट करून शेअरमध्ये टाकले आणि दोन्ही जागा एकाच ड्राइव्हवर असल्या, तर ते पत्र इतरांना दिसेल पण उघडणार नाही किंवा बदलता येणार नाही. इलाज सोपा आहे. मेन मशीनवर त्या फाइलीची त्याच फोल्डरात प्रत करावी, प्रत तपासावी आणि मग मूळ पुसावी. याचाच एक भाऊबंद असा, की प्रत्येकाला स्वतः केलेली फाइल बदलता येते आणि दुसऱ्याची फक्त वाचता येते. विंडोज सर्व्हरवर नव्या डिस्कला मूळची जी परवानगी असते तिच्यात सामान्य वापरकर्त्याला नवी फाइल करण्याची मुभा असते, आणि फाइलीवर पूर्ण हक्क तिच्या कर्त्याला, म्हणजे 'क्रिएटर ओनर'ला मिळतो. तिथे काम करणाऱ्या गटाला मॉडिफाय दिले की गाठ सुटते.

आता माणूस कोणत्या नावाने आत येतो त्याबद्दल. मेन मशीनवर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडून 'शेअर्ड फोल्डर्स'खालचे 'सेशन्स' पाहावे. कोणत्या यंत्रावरून कोण आले आहे ते तिथे नावानिशी दिसते. तिथे अपेक्षित नावाऐवजी 'गेस्ट' दिसले, किंवा वर्षभरापूर्वी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे नाव दिसले, तर परवानग्यांना हात लावायचे कारणच उरत नाही. अडणाऱ्या यंत्रावर कंट्रोल पॅनेलमधले 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मधली मेन मशीनच्या नावाची जुनी नोंद काढा, लॉगऑफ करा आणि परत जोडा. मध्येच १२१९ ही त्रुटी आली तर तिचा अर्थ असा की एकाच सर्व्हरशी दोन वेगळ्या नावांनी जोडण्याचा प्रयत्न चालला आहे आणि विंडोज ते करू देत नाही. 'नेट यूज' ही आज्ञा जुन्या जोडण्या दाखवते. तारांकन आणि 'डिलीट' जोडून दिली की सगळ्या तोडते. तोडण्यापूर्वी टॅली आणि एक्सेल बंद करायला विसरू नये, कारण ही आज्ञा सगळे मॅप केलेले ड्राइव्ह, म्हणजे ड्राइव्हचे अक्षर देऊन जोडलेले नेटवर्कवरचे फोल्डर, एकदम काढते.

इथे पिनचा घोळ फार होतो. नव्या यंत्रावर लोक चार-सहा आकडी पिनने लॉगइन करतात आणि नेटवर्कने नाव-पासवर्ड विचारला की तिथेही पिनच टाकतात. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. पासवर्ड कोराच ठेवलेले खातेही चालत नाही, कारण तशा खात्याला समोर बसूनच आत येता येते, दुरून नाही. वर्कग्रुपमध्ये, म्हणजे खात्यांचा मध्यवर्ती सर्व्हर नसलेल्या जोडणीत, सरळ मार्ग हा, की मेन मशीनवर प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्थानिक खाते पासवर्डसह तयार करावे. कर्मचाऱ्याच्या यंत्रावरही तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवला तर विंडोज विचारतही नाही. एका जागी पासवर्ड बदलला की दुसऱ्या जागीही बदलावा लागतो, हे लक्षात ठेवावे. डोमेन असलेल्या, म्हणजे सर्वांची खाती एका सर्व्हरवर असलेल्या, कार्यालयात नवा घोळ म्हणजे घड्याळ. यंत्राची वेळ सर्व्हरपेक्षा पाच मिनिटांहून जास्त पुढे-मागे गेली की ओळख पटत नाही, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेल्या यंत्रावर हे दर सकाळी घडते.

आणखी एक कोडे, 'मी ॲडमिन आहे, तरीही मला लिहिता येत नाही.' वर्कग्रुपमध्ये मेन मशीनवरच्या ॲडमिन गटातल्या खात्याने दुसऱ्या यंत्रावरून आलात तर विंडोज त्या खात्याचे प्रशासकीय अधिकार बाजूला काढून ठेवते. विंडोजसोबत येणारे मूळ ॲडमिनिस्ट्रेटर खाते तेवढे याला अपवाद आहे. फोल्डरवर फक्त 'ॲडमिनिस्ट्रेटर्स'ला हक्क दिलेला असेल तर दुरून आलेला ॲडमिन उपराच ठरतो. यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, बदल सुचवणारे पुष्कळ आहेत. तो करू नये, कामाच्या गटाला मॉडिफाय द्यावे आणि त्या गटात त्या माणसाला घ्यावे.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने जो गोंधळ उडवला, तो स्वतंत्रपणे सांगायला हवा. आजवर अनेक कार्यालयांत नॅस (नेटवर्कला थेट जोडलेली साठवणपेटी) किंवा राउटरला लावलेली डिस्क विनापासवर्ड, गेस्ट म्हणून उघडत असे. या आवृत्तीत, प्रो प्रकारात, गेस्ट म्हणून जाणे मुळात बंद केलेले आहे आणि प्रत्येक जोडणीवर स्वाक्षरी, म्हणजे एसएमबी सायनिंग, सक्तीची आहे (एसएमबी ही नेटवर्कवरून फोल्डरशी बोलण्याची विंडोजची भाषा). स्वाक्षरीची किल्ली पासवर्डवरून तयार होते. गेस्टला पासवर्डच नसतो, म्हणून स्वाक्षरीही करता येत नाही. योग्य इलाज नॅसवर आहे: प्रत्येकाचे खाते पासवर्डसह तयार करा आणि शेअरला तीच नावे लावा. प्रत्यक्षात मात्र नव्या यंत्रावर 'इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन' चालू करून दिले जातात आणि स्वाक्षरी बंद केली जाते. नव्या यंत्राची सुरक्षितता जुन्या डिस्कच्या पातळीवर उतरवण्याचे हे काम आहे.

स्कॅनर-झेरॉक्सच्या जुन्या यंत्रांचे दुखणे याहून गंभीर आहे. त्यांतली बरीच यंत्रे एसएमबी १ या पहिल्या पिढीच्या भाषेतच फोल्डरशी बोलतात. २०१७ च्या शरदातील आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये ती भाषा मुळात बसवलेली नसते. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू याच भाषेतल्या भगदाडातून शिरला होता, आणि त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या आधी दोन महिने, मार्चमध्येच, दिलेली होती. स्कॅन फोल्डरात पडेना म्हणून मेन मशीनवर एसएमबी १ परत चालू करणे म्हणजे तेच दार पुन्हा उघडणे. आधी उत्पादकाकडे फर्मवेअरची, म्हणजे यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती पाहावी, पुष्कळ यंत्रांना तिच्यातून एसएमबी २ मिळते. न मिळाल्यास स्कॅन ईमेलवर किंवा एफटीपीवर घ्यावे. नवे यंत्र घेताना निविदेत एसएमबी ३ ची अट घालावी.

मराठीत काम करणाऱ्यांना एक अडचण अशी येते, जिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही. फाइलीचे नाव देवनागरीत दिले की संगणक त्याची लांबी आपल्यासारखी मोजत नाही. 'महाराष्ट्र' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त सुटे मोजले जातात, म्हणून तो दहा चिन्हांचा होतो. 'शिष्यवृत्ती'ही चारच अक्षरांची, तिची चिन्हे अकरा होतात. विंडोजच्या डिस्कवर एका नावाला २५५ चिन्हांची मर्यादा आहे, तिथे फारसे अडत नाही. नॅस मात्र बहुधा लिनक्सवर चालते आणि तिथे मर्यादा २५५ बाइटची असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे नावाला फक्त ८५ चिन्हे मिळतात. शेअर एन्क्रिप्ट केलेला असेल तर काही नॅसवर ही मर्यादा १४३ बाइटवर, म्हणजे ४७ चिन्हांवर येते. पत्राचा संपूर्ण 'विषय' फाइलीचे नाव म्हणून देण्याची आपल्या कार्यालयांची पद्धत आहे. तसे नाव स्वतःच्या यंत्रावर जतन होते, नॅसवर होत नाही, आणि दोष परवानगीला दिला जातो.

नावाइतकाच पूर्ण वाटेचा प्रश्न आहे. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या शेपटीपर्यंत सगळे मिळून २६० ची जुनी मर्यादा बहुतेक प्रोग्राम अजून पाळतात, आणि एक्सेल तर २१८ वरच थांबते. त्यातली मेख अशी की झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेल्या फोल्डरात काम करणाऱ्याची वाट झेडपासून मोजली जाते. मेन मशीनवर त्याच फाइलीच्या मागे कार्यालय, शाखा, वर्ष, विभाग अशी आणखी चार फोल्डरांची नावे असतात. म्हणून टेबलावर उघडणारी फाइल मेन मशीनवर उघडत नाही, आणि बॅकअपमधून ती गुपचूप सुटते. फोल्डरांची नावे आखूड ठेवावीत, 'शिष्य_२५-२६' एवढे पुरते. जावक क्रमांकातली तिरपी रेघ विंडोज नावात घेत नाही, तिथे आडवी रेघ वापरावी.

लिनक्सवरच्या सांबा सर्व्हरबद्दल, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजच्या यंत्रांना देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, थोडक्यात. तिथला शेअर मुळात वाचण्यापुरताच असतो, 'रीड ओन्ली' ला 'नो' म्हटल्याशिवाय कुणालाच लिहिता येत नाही. ते केल्यावरही एकाची फाइल दुसऱ्याला बदलता येत नसेल तर दोष 'क्रिएट मास्क'चा, म्हणजे नव्या फाइलीला कोणते हक्क मिळतील ते ठरवणाऱ्या आकड्याचा, आहे. तो न लिहिल्यास ०७४४ धरला जातो, म्हणजे कर्त्याला लिहिता येते आणि गटाला फक्त वाचता येते. 'क्रिएट मास्क' ०६६४, 'डिरेक्टरी मास्क' ०७७५ आणि 'फोर्स ग्रुप'ला कामाच्या गटाचे नाव द्यावे, 'टेस्टपार्म' चालवून चूक नाही ना ते पाहावे आणि सेवा परत सुरू करावी. आधीच्या फायलींना हे लागू होत नाही, त्यांचा गट आणि हक्क एकदा हाताने बदलावे लागतात. सगळ्यावर ७७७ मारणे हा लिनक्समधला 'एव्हरीवन – फुल कंट्रोल'च आहे. शेअर कुणाच्या होम फोल्डरात असेल तर वरच्या प्रत्येक फोल्डरात शिरण्याचा हक्क लागतो, आणि उबुंटूत २१.०४ पासून नव्या वापरकर्त्यांची होम इतरांना बंद असतात. रेड हॅटच्या घराण्यात सगळे बरोबर असूनही नकार येतो तेव्हा एसईलिनक्स या जादा सुरक्षा-थराचे लेबल तपासावे, त्या फोल्डरवर सांबा शेअरचे लेबल लागते. आणि विंडोजमधून काढून आणलेली एनटीएफएस डिस्क 'फास्ट स्टार्टअप'मुळे अर्धवट झोपलेली असेल तर लिनक्स ती बहुधा वाचण्यापुरतीच जोडते. ती परत विंडोजला लावून, शिफ्ट धरून पूर्ण शटडाउन करावे.

'लॉक्ड फॉर एडिटिंग' हा प्रकार परवानगीचा नाही. वीज गेली किंवा यंत्र अडकले की मेन मशीनच्या लेखी फाइल उघडीच राहते. 'शेअर्ड फोल्डर्स'मधल्या 'ओपन फाइल्स'मध्ये ती शोधून, तो माणूस खरोखर काम करत नाही ना हे विचारून, मगच बंद करावी.

नव्याने मांडणी करायची असेल तर ती अशी करावी. प्रत्येक शेअरसाठी दोन गट असावेत, उदाहरणार्थ 'हिशेब-लेखन' आणि 'हिशेब-वाचन'. विंडोजच्या होम आवृत्तीत गट तयार करायची खिडकी नाही, तिथे 'नेट लोकलग्रुप' ही आज्ञा वापरावी. शेअरच्या दारावरून 'एव्हरीवन' काढून 'ऑथेंटिकेटेड यूजर्स'ला चेंज द्यावे आणि बारीक वाटणी डिस्कच्या दारावर करावी: लेखनाला मॉडिफाय, वाचनाला रीड. वारसा, म्हणजे वरच्या फोल्डरकडून आपोआप येणाऱ्या परवानग्या, तोडताना विंडोज विचारते तेव्हा 'कन्व्हर्ट' निवडावे, 'रिमूव्ह' नव्हे, आणि 'सिस्टम' व 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' या नोंदी ठेवाव्यात, नाहीतर बॅकअप अडतो. खालच्या सर्व फोल्डरांवर परवानग्या बदलण्याची जी खूण तिथे असते ती पगारपत्रकासारख्या आतल्या बंद फोल्डरांचे कुलूपही काढते. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी 'आयकॅकल्स' या आज्ञेला 'सेव्ह' जोडून सध्याच्या परवानग्या फाइलीत उतरवून घ्याव्यात. परत भरताना ती आज्ञा त्या फोल्डरवर न देता त्याच्या एक पायरी वर द्यावी लागते, हे विसरल्याने ऐन वेळी अनेकांची धांदल उडते.

'एव्हरीवन'ला इतका विरोध कशासाठी, असे कुणी विचारेल. खंडणीखोर विषाणूला वेगळे अधिकार मिळवावे लागत नाहीत. ज्या टेबलावर तो शिरला तिथला माणूस जिथे जिथे लिहू शकतो, तिथले सगळे तो कुलूपबंद करतो. शिपायाच्या यंत्रावरून कर्जखात्याचा फोल्डर लिहिता येत असेल तर एका चुकीच्या ईमेलने तो जातो, आणि बॅकअपही त्याच मोकळ्या शेअरवर असेल तर तोही जातो. बॅकअपच्या शेअरवर लिहिण्याचा हक्क फक्त बॅकअपच्या वेगळ्या खात्याला असावा, रोजच्या कोणत्याही माणसाला नाही. त्यातच सभासदांच्या आधार-पॅनच्या प्रती या फोल्डरांत असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

संस्थांच्या चालकांना आमची विनंती आहे की संगणकांच्या वार्षिक देखभाल करारात पुढील बाबी लिहून घ्याव्यात. कोणत्या शेअरवर कोणत्या गटाला काय हक्क आहे याचा एक पानी तक्ता, दर तिमाहीला त्याची प्रत्यक्षाशी पडताळणी, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करणे, आणि 'एव्हरीवन', गेस्ट वा एसएमबी १ चालू करायचे झाल्यास चालकांची लेखी संमती. तक्त्याची एक छापील प्रत मेन मशीनजवळ ठेवावी, कारण ज्या दिवशी तो लागतो त्या दिवशी फोल्डर उघडत नसतो.

आपले,
कार्यालयीन नेटवर्कची देखभाल करणारे काही तंत्रज्ञ, नाशिक